अरबस्तानची राळ आणि चिनी वैद्य

झाडाच्या सालीवर कोयत्याचा घाव बसला की आतून चिकट रस बाहेर येतो, हे खेड्यात राहणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. बाभळीचा डिंक, धावड्याचा डिंक आपण गोळा करतो आणि बाळंतिणीच्या लाडवात घालतो. झाडाच्या दृष्टीने हा रस म्हणजे जखमेवरची पट्टी असते. तो सुकला की घाव बुजतो आणि कीड, बुरशी आत शिरत नाही. यांपैकी जो पाण्यात विरघळतो तो डिंक. आणि जी पाण्याला दाद देत नाही, मद्यार्कात मात्र विरघळते आणि विस्तवावर टाकली की वास देत जळते, ती राळ. काही झाडांच्या रसात ही दोन्ही एकत्र असतात. अशाच एका राळेची हकीकत आज तुमच्यापुढे मांडायची आहे. ही राळ पिकते अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि समोरच्या आफ्रिकेत, सोमालिया व इथिओपिया या मुलखांत. पण निदान पंधराशे वर्षे झाली, ती चिनी वैद्यांच्या बटव्यात आहे.

चीनमध्ये हे झाड उगवत नाही. ते कोरड्या, खडकाळ डोंगरांवरचे झाड आहे. मग परक्या मुलखातली एक वस्तू, तीही इतकी महाग आणि इतक्या लांबून येणारी, चिनी वैद्यकाची स्वतःची कशी झाली? ती नुसती विकत घेतली म्हणून झाली का? मला वाटते, नाही. ती कशी कुटावी, कशी भाजावी, कशाबरोबर द्यावी, किती द्यावी आणि कोणाला मुळीच देऊ नये, हे तिथल्या माणसांनी शतकानुशतके शिकून घेतले, म्हणून ती त्यांची झाली. कसे ते आता क्रमाने पाहू.

प्रथम नाव. चिनी भाषेत या राळेला ‘रूश्यांग’ म्हणतात. ‘रू’ म्हणजे दूध किंवा स्तन आणि ‘श्यांग’ म्हणजे सुगंध. अकराव्या शतकात शेन क्वा नावाचा एक मोठा विद्वान होऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे की, या राळेचे थेंब झाडावरून स्तनाग्रासारखे लोंबतात म्हणून तिला हे नाव पडले. आता गंमत पाहा. अरबी भाषेत याच राळेला ‘लुबान’ म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळही पांढरेपणाशी, दुधाशी जाऊन भिडते. ताज्या राळेचा थेंब दुधासारखा दिसतो. तेव्हा दोन दूरच्या लोकांना एकच उपमा सुचली, यात नवल ते काय!

पण शेन क्वा आणखी एक गोष्ट सांगतो. या राळेचे जुने चिनी नाव ‘श्युनलू’ असे होते. हा शब्द संस्कृतातल्या ‘कुंदुरुक’ या शब्दावरून गेला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. हे मत खरे असेल, तर त्याचा धागा आपल्या रानापर्यंत येतो. कारण सातपुड्यात, मेळघाटात आणि विदर्भाच्या कोरड्या टेकड्यांवर जे सालईचे झाड उभे असते, ते याच कुळातले. आयुर्वेदात त्याला शल्लकी म्हणतात आणि त्याच्या राळेला कुंदुरु. अरबस्तानातले झाड आणि आपली सालई ही सख्खी भावंडे नव्हेत, पण चुलत भावंडे खचित आहेत.

चिनी वैद्यकात या राळेचा पहिला ठळक उल्लेख सापडतो तो थाओ होंगचिंग या पंडिताच्या काळी. त्याचा काळ इसवी सन 456 ते 536. त्या वेळच्या औषधिसंग्रहात अगरु, लवंगेसारखी इतर सुगंधी द्रव्ये असत, त्यांच्या पंक्तीला श्युनलूही बसलेली दिसते. या साऱ्या सुगंधी द्रव्यांना मिळून एकच गुण सांगितला आहे : किंचित उष्ण, विषारी सूज उतरवणारी, दूषित वारे घालवणारी. म्हणजे त्या काळी ती अजून सर्वसाधारण सुगंधी वस्तूंपैकी एक होती. तिचा खास स्वभाव कोणी ओळखला नव्हता. धूप म्हणून ती देवळात जळत होती आणि धुराने वाईट हवा जाते, या समजुतीवर औषधात शिरली होती.

पुढच्या चारशे वर्षांत हे चित्र बदलले. इराणी आणि अरब व्यापारी चीनच्या बंदरांत येऊन राहू लागले. त्यांच्या वस्त्या झाल्या, संसार झाले. दहाव्या शतकात सछ्वान प्रांतात ली श्युन नावाचा एक कवी राहत होता. त्याचे पूर्वज इराणी. त्याचा भाऊ सुगंधी द्रव्यांचा व्यापार करी. या ली श्युनने समुद्रापारहून येणाऱ्या औषधांचा एक स्वतंत्र कोशच लिहिला. मूळ ग्रंथ पुढे नाहीसा झाला. पण नंतरच्या ग्रंथकारांनी त्यातले इतके उतारे घेऊन ठेवले की आज तो बराचसा पुन्हा जुळवता येतो. घरात व्यापार, हातात लेखणी, बापजाद्यांकडून आलेली परदेशी माहिती आणि भोवती चिनी समाज. दोन देशांमधला पूल असा माणसांच्या आयुष्यातून बांधला जातो.

आता सोंग घराण्याच्या काळाकडे येऊ. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात आशियाचा नकाशा लावून हा मार्ग मुलांना बोटाने दाखवावा. अरबस्तानच्या दक्षिणेला धोफार हा प्रदेश आहे, आजच्या ओमान देशात. तिथून जहाज निघते, भारताचा किनारा मागे टाकते आणि सुमात्रा बेटावर येते. तिथे श्रीविजयाचे राज्य होते. चिनी लोक त्याला सानफोछी म्हणत. तिथे मालाची अदलाबदल होते आणि मग चीनच्या क्वांगचौ किंवा छ्वानचौ बंदराकडे शीड वळते. क्वांगचौ येथे 971 साली सागरी व्यापाराची सरकारी कचेरी सुरू झाली आणि छ्वानचौ येथे 1087 साली.

ही राळ किती येत असे? 1077 सालचा एक सरकारी आकडा उपलब्ध आहे. क्वांगचौ, मिंगचौ आणि हांगचौ या तीन बंदरांतल्या कचेऱ्यांनी मिळून त्या वर्षी साडेतीन लाख जिनांहून अधिक राळ घेतली. सोंग काळातला एक जिन म्हणजे सहाशे ग्रॅमहून थोडा अधिक. तेव्हा हा माल दोन लाख किलोच्या वर गेला. आणि त्यातला जवळजवळ सगळा, म्हणजे 3 लाख 48 हजार जिनांहून अधिक, एकट्या क्वांगचौला उतरला होता.

छ्वानचौच्या कचेरीवर पुढे चाओ रुक्वा नावाचा अधिकारी आला. त्याने 1225 साली परदेशांविषयी आणि तिथून येणाऱ्या मालाविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात या राळेचे वर्णन मोठे चोख आहे. कुऱ्हाडीने झाडावर खाचा पाडतात, रस बाहेर येऊन गोठतो, मग तो गोळा करतात, असे तो सांगतो. तिच्या तेरा प्रती त्याने दिल्या आहेत. हाताने निवडलेले टपोरे थेंब सर्वांत वरचे. मग बाटलीत भरून येणारी, पिशवीत भरून येणारी, वाळूमातीत मिसळलेली अशी उतरती भाजणी लागते. गलबतात पाणी शिरून भिजलेली आणि काळी पडलेली, तिचीही एक प्रत आहे! अगदी शेवटी चाळणीखालचा चुरा. आपल्या बाजारसमितीत हळदीच्या किंवा मिरचीच्या प्रती लावतात, तसाच हा प्रकार.

मात्र याच ग्रंथात तो सांगतो की, गोळा केलेली राळ हत्तींवरून अरबांच्या बंदरात नेतात. धोफारच्या वाळवंटी मुलखात हत्ती कुठले? तिथे उंट. चाओ रुक्वा स्वतः त्या देशात कधी गेला नव्हता. बंदरात भेटणाऱ्या व्यापाऱ्यांकडून आणि आधीच्या पुस्तकांतून त्याने माहिती गोळा केली. विद्यार्थ्यांना हे अवश्य दाखवावे. इतिहासाचे साधन कितीही चांगले असले, तरी लिहिणाऱ्याने काय डोळ्यांनी पाहिले आणि काय कानांनी ऐकले, हे वेगळे करून घ्यावे लागते.

ऐकीव गोष्टीला कधी कधी प्रत्यक्ष पुरावाही मिळतो. 1974 साली छ्वानचौजवळच्या खाडीच्या गाळातून एक जुने जहाज उकरून काढले. ते सोंग काळाच्या अखेरचे, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले होते. त्याच्या पोटात तेरा कप्पे होते. त्यांतून दोन हजार किलोहून अधिक सुगंधी लाकूड निघाले. मिरी, सुपारी, पारा आणि हिंगूळ निघाला. आणि त्यांत या राळेचे तुकडेही होते. सातशे वर्षे चिखलात पडून राहिलेला औषधाचा माल!

पण वाचकहो, व्यापाराच्या या भरभराटीला दुसरी बाजूही आहे, आणि ती खेड्यातल्या माणसाला लगेच उमजेल. या राळेचा व्यापार सरकारने आपल्या हातात ठेवला होता. बंदरात माल सरकार घेई आणि सरकारच विके. त्यातून खजिन्याला मोठी प्राप्ती होई. पण गोदामे भरली आणि गिऱ्हाईक कमी पडले, तेव्हा काय करायचे? माल प्रांतोप्रांती वाटून दिला जाई आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी तो खपवून पैसे पाठवावेत, असा हुकूम निघे. अधिकारी तो खालच्यांच्या गळ्यात मारी आणि खालचा शेतकऱ्याच्या. ज्याला धूप जाळायचा नाही आणि औषधही नको, त्याने समुद्रापारची महाग राळ का घ्यावी? 1165 साली हुनान भागात यीचांग येथे ली चिन नावाच्या माणसाच्या पुढारीपणाखाली बंड उठले. या सक्तीच्या खरेदीचा जाच हे त्याचे एक कारण होते. तरी सरकार लगेच शहाणे झाले नाही. 1185 साली पुन्हा राळ प्रांतांत वाटली गेली आणि 1188 साली, लोकांना त्रास होतो असे कबूल करून, ती पद्धत थांबवावी लागली. औषधाच्या इतिहासात वैद्यांची नावे असतात. ज्याच्या माथी ते औषध मारले गेले, त्या शेतकऱ्याचेही त्यात एक पान असायला हवे.

त्याच सोंग सरकारने एक चांगली गोष्टही केली. 1076 साली राजधानी कायफंग येथे सरकारी औषधांचे दुकान निघाले. पुढे अशी दुकाने वाढली आणि तयार गोळ्या व चूर्णे लोकांना तिथे मिळू लागली. त्या औषधांच्या कृतींचे एक सरकारी पुस्तकही तयार झाले. त्यात एक प्रसिद्ध गोळी आहे, सुहश्यांग नावाची. एकाएकी बेशुद्ध पडलेल्या माणसाला ती देत. तिचे घटक वाचले की आपण चकित होतो. श्युनलू म्हणजे ही आपली राळ, चंदन, अगरु, लवंग, कस्तुरी, कापूर. शिवाय हिरडा आणि पिंपळी! हिरड्याचे चिनी नाव ‘हलीले’ हे ‘हरीतकी’वरून इराणी भाषेमार्गे गेलेले, आणि ‘पीपो’ म्हणजे आपली ‘पिप्पली’. कायफंगच्या दुकानातल्या एका गोळीत अरबस्तान, सुमात्रा आणि हिंदुस्थान असे एकत्र नांदत होते.

हे सगळे ठीक. पण या राळेचा खास गुण कोणता? तो चिनी वैद्यांनी हळूहळू निवडून काढला. त्यांच्या शास्त्रानुसार शरीरात ‘छी’ म्हणजे प्राणशक्ती आणि रक्त अखंड वाहत असते. वाट मोकळी असेल तर वेदना नाही. वाट अडली की वेदना आली. मार लागून रक्त साकळते, गळू होऊन जागा फुगते, सांधा धरतो. या साऱ्यांत कुठेतरी प्रवाह तुंबलेला आहे, असे ते मानतात. ही राळ चवीला तिखट-कडू, गुणाने उष्ण, आणि तिचा सुगंध सगळीकडे शिरणारा. म्हणून ती तुंबलेले रक्त चालते करते, वेदना शमवते, सूज उतरवते आणि जखमेत नवे मांस भरून आणते, असा त्यांचा अनुभव आणि सिद्धान्त. ली शिचेन या थोर औषधिशास्त्रज्ञाने (1518 ते 1593) आपल्या विशाल ग्रंथात हेच सांगितले आहे : गळवे, चिघळलेली व्रणे आणि पोटातील वेदना यांवर ही महत्त्वाची वस्तू. त्याचा हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1596 साली नानचिंगला छापून निघाला. त्यात 1,892 द्रव्यांचे वर्णन आहे.

ली शिचेन भेसळीविषयीही बजावतो. त्याच्या काळी या राळेत चीनमधल्याच फंग नावाच्या झाडाची स्वस्त राळ मिसळत. ती ओळखायची तर जाळून पाहावी, असे तो म्हणतो. आजही चिनी औषधिसंहितेत साध्या परीक्षा आहेत. खऱ्या राळेचा तुकडा पाण्यात घोटला तर पाणी दुधासारखे होते. दाताखाली धरला तर आधी फुटतो, मग चिकट गोळा होतो. विस्तवावर टाकला तर काळा धूर आणि सुगंध येतो. पाणी दुधासारखे का होते, हे शिक्षक मुलांना सहज समजावून देऊ शकतील : हिच्यातला डिंक पाण्यात उतरतो आणि न विरघळणाऱ्या राळेचे बारीक कण त्यात तरंगत राहतात.

ही राळ एकटी क्वचितच दिली जाते. तिची जोडीदारीण म्हणजे दुसरी एक राळ, ‘मोयाओ’. तिला आपण हिराबोळ म्हणतो. तीही त्याच मुलखातून येते. चिनी वैद्य या दोघींची नावे जवळजवळ एका दमात घेतात. रूश्यांग प्रवाहाला चालना देते आणि हिराबोळ साकळलेले रक्त फोडतो, असे कामाचे वाटप ते सांगतात. चिघळलेल्या जखमेवर या दोहोंचे समभाग चूर्ण वरून टाकण्याची एक जुनी कृती आहे. ‘छीली सान’ हे चूर्ण तर मुका मार, मुरगळणे, हाड दुखावणे यांसाठी घरोघर ठाऊक होते. त्यात या दोन राळांबरोबर हिरादखण ही तांबडी राळ, कात, करडईची फुले, कस्तुरी, कापूर आणि हिंगूळ असतो. करडईची फुले पाहून आपल्याकडच्या शेतकऱ्याला कौतुक वाटेल. पण नावाकडे नीट लक्ष द्या. ‘छीली’ म्हणजे सात ली. ली हे अगदी लहान वजन. सात ली म्हणजे आपल्या मापाने पाव ग्रॅमच्या आसपास. औषधाच्या नावातच मात्रा बांधून टाकली आहे, म्हणजे कोणी मूठभर खाऊ नये! आणि ते बरोबरच आहे, कारण हिंगुळात पारा असतो आणि पारा विषारी.

कच्ची राळ पोटात मळमळ आणते, उलटीही होते. यावर वैद्यांनी तोड काढली. राळेचे तुकडे कढईत मंद आचेवर परततात, पृष्ठभाग चकाकू लागला की वरून शिर्का शिंपडतात आणि पुन्हा परततात. शंभर किलो राळेला पाच किलो शिर्का, असे प्रमाण संहितेत आहे. त्यामुळे उग्र तेल काहीसे उडून जाते आणि राळ कुटायलाही सोपी पडते. नाहीतर खलबत्त्यात ती चिकटून बसते. हिंग कुटणाऱ्याला ही अडचण ठाऊक असेल. उलट, हपै प्रांतातला चांग शीछुन (1860 ते 1933) हा अलीकडच्या काळातला नामांकित वैद्य म्हणे की, भाजल्याने तिचा जोर जातो, म्हणून ती कच्चीच वापरावी. त्याची स्वतःची एक कृती प्रसिद्ध आहे. तीत रूश्यांग, हिराबोळ आणि दोन चिनी मुळ्या अशी चार द्रव्ये समभाग असतात. म्हणजे एकाच शास्त्रात मतभेद होते आणि ते उघडपणे लिहिले जात होते. जिवंत विद्येचे हे लक्षण आहे.

त्याहून महत्त्वाचा मतभेद चौदाव्या शतकात झाला. सरकारी दुकानाच्या त्या कृतींचा देशभर इतका बोलबाला झाला होता की, लोक रोग न ओळखता पुस्तकातली गोळी उचलू लागले. सुगंधी, उष्ण, कोरडी औषधे वाटेल त्याला दिली जाऊ लागली. तेव्हा चू चेनहंग (1281 ते 1358) नावाच्या वैद्याने त्या पुस्तकावर टीका करणारा एक छोटा ग्रंथ लिहिला. माणूस कोण, त्याची प्रकृती कशी, रोगाचे मूळ कुठे, हे न पाहता तयार औषध देणे म्हणजे घात, असा त्याचा मुद्दा होता. महाग आणि दुरून आलेले म्हणून औषध गुणकारी ठरत नाही, हे त्याने आपल्या लोकांना ऐकवले.

या शिकवणीचे फळ म्हणजे या राळेभोवती घातलेली कुंपणे. गर्भवतीला ती देऊ नये, कारण ती रक्त चालते करणारी आहे. ज्याचे पोट अशक्त आहे त्याला जपून द्यावी. गळवावरच्या एका प्रसिद्ध काढ्यात हिचा समावेश आहे. पण गळू फुटल्यावर तो काढा बंद करावा, असा दंडक आहे. पोटात घेण्याची मात्रा साधारण तीन ते पाच ग्रॅम, त्यापुढे नाही. माझ्या मते, परदेशी राळ चिनी झाली ती या कुंपणांमुळे. वस्तू जहाजातून येते. पण ती कुठे थांबवावी, हे ज्ञान कोणत्याही जहाजात भरून येत नाही. ते रोग्याच्या उशाशी बसूनच मिळवावे लागते.

आता आजचे विज्ञान काय म्हणते ते थोडक्यात पाहू. इथे आपल्या सालईचा संबंध पुन्हा येतो. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सालईच्या राळेवर काम झाले आणि तिचा अर्क सूज कमी करतो, असा निबंध तेथील संशोधकांनी 1986 साली प्रसिद्ध केला. या कुळातल्या राळांमध्ये जी खास आम्ले सापडतात, त्यांना झाडाच्या शास्त्रीय नावावरून बॉस्वेलिक आम्ले म्हणतात. शरीरात सूज वाढवणारी द्रव्ये ज्या विकराच्या साहाय्याने तयार होतात, त्या विकराला ही आम्ले आवर घालतात, असे पुढे जर्मनीतल्या प्रयोगांतही दिसून आले. गुडघ्याच्या संधिवातात सालईच्या अर्काने दुखणे काहीसे कमी झाल्याचे काही चाचण्यांत आढळले आहे. मात्र या चाचण्या लहान आहेत आणि त्यांवरून कोणी असाध्य रोग बरे करण्याची जाहिरात करील, तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या जे घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असली औषधे मुळीच घेऊ नयेत.

नावाच्या घोटाळ्यापासूनही सावध राहावे. अरबी ‘लुबान’ हा शब्द आपल्याकडे ‘लोबान’ होऊन आला. पण आपल्या बाजारात लोबान म्हणून जे मिळते, ती बहुधा सुमात्रा-जावाकडच्या अगदी वेगळ्या झाडाची राळ असते. अरबांनी तिला ‘जावाचा लुबान’ म्हटले आणि पुढे विशेषण गळून पडले. ऊद, धूप, लोबान ही नावे दुकानागणिक बदलतात. धुपाटण्यात काय जळते यात चुकले तर फारसे बिघडत नाही. पोटात काय जाते यात चुकले तर बिघडते. म्हणून देवघरातली राळ औषध म्हणून खाऊ नये.

शेवटी त्या झाडाविषयी दोन शब्द. मागणी वाढली आहे. औषधाला, धुपाला आणि सुगंधी तेलालाही. इथिओपिया आणि आसपासच्या देशांतल्या जंगलांचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. पाहणी केलेल्या जंगलांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक ठिकाणी लहान झाडेच आढळली नाहीत. म्हातारी झाडे उभी आहेत आणि त्यांच्या मागे कोणी नाही. गुरे रोपे खातात, वणवे ती जाळतात आणि वाजवीपेक्षा जास्त घाव घातलेल्या झाडांना किडा पोखरतो. हे असेच चालले तर वीस वर्षांत या राळेचे उत्पादन निम्म्यावर येईल, असा त्या अभ्यासकांचा अंदाज आहे.

चिनी वैद्यांनी रोग्याला किती द्यावे याची मर्यादा घालून घेतली. झाडाकडून किती घ्यावे याची मर्यादा मात्र हजार मैलांवरच्या गिऱ्हाइकाला दिसत नाही. ती ज्याच्या हातात कोयता आहे, त्यालाच पाळावी लागते आणि ती पाळता यावी इतका भाव त्याला मिळावा लागतो. खाचा कमी आणि उथळ पाडाव्यात, एखादे वर्ष झाडाला विसावा द्यावा, रोपांना कुंपण करावे. हे सोमालियाच्या डोंगरात जितके खरे, तितकेच आपल्या सातपुड्यातल्या सालईलाही लागू आहे. सालईची राळ काढणारे आदिवासी बांधव आपल्यापैकीच आहेत. शिक्षकांनी मुलांना घेऊन एकदा तरी हे झाड दाखवावे, त्याच्या सालीवरचा गोठलेला थेंब दाखवावा आणि सांगावे की, या थेंबाच्या भावंडासाठी एके काळी जहाजे समुद्र ओलांडत होती, राज्याचे खजिने भरत होते आणि एका दूरच्या गावात बंडही झाले होते. मुले तो थेंब पाहतील, त्याचा वास घेतील. मग त्यांनी झाडावरचा घावही नीट न्याहाळावा, एवढे आपण पाहावे.